खराटा हाती घेण्याआधी

रात्री साडेदहाला धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, गोठ्याजवळचा निंब पडला. ढोरं वाचली, मायही बरी हाये. तू सकायी ये." वावधन येऊन गेलं होतं संध्याकाळी सहाच्या सुमारास, पण चार तास गावात ना वीज होती, ना फोनला रेंज.

आमचं गाव बाळापूर तालुक्यात, अकोला जिल्ह्यात. मी अमरावतीला राहते. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघून दहाच्या आत आवारात पोचले. आवार म्हणजे घर, गोठा, कुटाराची खोली आणि आजोबांच्या काळातले दोन कडुनिंब यांना कवेत घेणारी, दगडी कुसानं वेढलेली जागा. त्यातला गोठ्याजवळचा निंब मुळासकट आडवा होता. गोठ्याची टिनं शेजारच्या आवारात जाऊन पडली होती. कवेलूंचा खच, तुटलेली वायर, पिठासारखी सांडलेली धूळ, आणि सगळ्यावर हिरव्या निंबपाल्याचा जाड थर. भाऊ, त्याचा मुलगा आणि दोन शेजारी कुऱ्हाडी परजून तयार होते. मी खराटा उचलला. तेवढ्यात ओसरीवरून आई म्हणाली, "खराटा मंग हाती घे. आंधी पाह्य, काय कोठी पडलं थे."

ती हरवलेल्या तांब्या-बादलीबद्दल बोलत होती. पण तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माझ्या डोक्यात ते वाक्य वेगळ्याच अर्थानं बसलं. वादळानंतरचं आवार हा कचरा असतो, तशी ती एक नोंदही असते. वारा कुठून आला, काय कच्चं होतं, कशानं मार खाल्ला आणि कशानं नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आपण पहिल्या तासाभरात ते झाडून टाकतो आणि मग वर्षभर वादळाला दोष देत बसतो. म्हणून त्या दिवशी मी आधी पाहिलं, मोबाइलवर फोटो काढले, भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान फाडून त्याच्या पाठीवर आवाराचा नकाशा काढला, आणि मगच आम्ही कामाला लागलो. या लेखात त्या पाहण्यातून काय हाती आलं, ते मांडते.

वारा कुठला होता?

आपल्याकडं जोराच्या वाऱ्याला सरसकट 'चक्रीवादळ' म्हणायची सवय वर्तमानपत्रांनी लावली आहे. 'सायक्लोन' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी घडवला. ग्रीक भाषेतल्या, सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या शब्दावरून. अटलांटिकमध्ये हेच वादळ 'हरिकेन' होतं, पश्चिम प्रशांत महासागरात 'टायफून'. तिन्ही एकच. तिन्हींचं इंधन म्हणजे उबदार समुद्राची वाफ. जमिनीवर आलं की इंधन तुटतं आणि वादळ थकतं. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्यानं आडव्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच वादळ पश्चिम विदर्भावर पोचलं, तेव्हा त्याचं साधं न्यूनदाबाचं क्षेत्र उरलं होतं. वऱ्हाडात हरिकेन येतं ते असं, दमून.

मग निंब पाडणारं वावधन कोणतं? एप्रिल-मे महिन्यांत अकोला-अमरावतीचा पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो. जमिनीलगतची हवा तापलेली आणि कोरडी. दुपारनंतर गडगडाटी ढग उभा राहतो. त्यातून सुटलेला पाऊस या कोरड्या थरातून पडताना वाटेतच बराचसा आटतो. आटताना तो हवेची उष्णता शोषतो. थंड झालेली ती हवा जड होते आणि ढगाखालून धबधब्यासारखी कोसळते. जमिनीवर आपटली की ती चहूबाजूंना पसरते; बादलीभर पाणी फरशीवर ओतलं की पसरतं, तशी. शास्त्रज्ञ याला 'डाउनबर्स्ट' म्हणतात. तो मिनिटांत संपतो, पण तेवढ्यात जुनी झाडं पाडतो.

या वाऱ्याचा शोध लागला तोच मुळी पडलेली झाडं वाचून. तेत्सुया फुजिता या जपानी संशोधकानं १९४५ साली अणुबाँबनंतरच्या नागासाकीची पाहणी केली होती. स्फोटाच्या खालची झाडं केंद्रापासून बाहेर, ताऱ्याच्या किरणांसारखी, ढकललेली त्यानं पाहिली. पुढं तो शिकागो विद्यापीठात वादळांचा अभ्यास करू लागला. १९७४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत चक्रावातांची मोठी मालिका आली, तेव्हा विमानातून पाहणी करताना काही जंगलांत त्याला पिळवटलेली झाडं दिसण्याऐवजी तोच किरणांसारखा नमुना दिसला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक विमान कोसळलं, शंभरहून अधिक माणसं गेली. त्यामागं असाच खाली कोसळणारा वारा होता, हे फुजितानं मांडलं. सुरुवातीला अनेकांनी ते मानलं नाही. आज जगभरच्या विमानतळांवर या वाऱ्याची सूचना देणारी यंत्रणा असते.

माझ्या कॅलेंडरच्या पानावर मी तेच केलं. आमचा निंब पूर्वेला पडला होता, टिनंही पूर्वेला. गावाच्या दक्षिण टोकाला एक सुबाभूळ आग्नेयेला पडली होती. नाल्यापलीकडची दोन झाडं ईशान्येला. बाण काढले तेव्हा हातपंख्याच्या काड्यांसारखे दिसले. सगळ्यांचं मूळ गावाच्या पश्चिमेला, पांदणीच्या आसपास.

हा नुसता छंद नव्हता. त्या सकाळी उरलेल्या निंबाबद्दल गावात दोन मतं होती. तो पश्चिमेला, घराच्या उलट दिशेला, किंचित कललेला आहे. काही म्हणाले, "तो पडला तरी तिकडं पडंन, घराले काई होत नाई." नकाशा सांगत होता की या धीराला अर्थ नाही. आज ढग पश्चिमेला फुटला म्हणून वारा पश्चिमेकडून आला. उद्या तो पूर्वेला फुटला तर वारा उलटा येईल. समुद्रकिनारी वाऱ्याची नेहमीची दिशा धरून आडोसा करता येतो. वऱ्हाडातल्या आवाराला तशी एक दिशा नसते.

आधी कशाला हात लावायचा नाही

अमेरिकेत हरिकेननंतर मृत्यूंचा हिशेब दोन रकान्यांत मांडतात: वाऱ्या-पाण्यानं थेट झालेले, आणि नंतर झालेले. दुसऱ्या रकान्यात छपरावरून पडणं, विजेचा धक्का, करवतीची जखम, बंद जागेत चालवलेल्या जनरेटरचा विषारी वायू, आणि साफसफाईच्या श्रमानं आलेला हृदयविकाराचा झटका, असं सगळं असतं. काही वादळांत हा दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा असतो. वादळ पाहुण्यासारखं येऊन जातं. घाई मात्र घरचीच असते.

म्हणून कामाचा क्रम लिहिते.

पहिली वायर. पडलेली वायर मेलेली आहे असं कधीच धरू नये. वीज गेलेली असली तरी ती कोणत्याही क्षणी परत येते. शेजाऱ्यानं जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडला असेल तर उलट्या वाटेनंही येते. ओल्या जमिनीत वायर पडली असेल तर तिच्याभोवतीच्या मातीतही दाब उतरलेला असतो. दोन पावलांमधल्या अंतरात जो फरक पडतो, तोच शरीरातून वाहतो. ढोरांचे पुढचे-मागचे पाय लांब असतात, म्हणून अशा वेळी माणूस वाचतो आणि बैल मरतो. कुणी अशा जागी सापडलाच तर पाय जुळवून, छोट्या सरकत्या पावलांनी मागं यावं. टिनं, कुसावरची काटेरी तार, कपडे वाळवायची तार यांपैकी काहीही त्या वायरला टेकलेलं असेल तर तेही वायरच समजावं. महावितरणचा १९१२ हा क्रमांक अशा वेळेसाठी आहे. आमची वायर दुपारी दोनला वायरमननं खांबावरून सोडवली. तोवर गोठ्याच्या बाजूला कुणी गेलं नाही.

दुसरी नोंद. पंचनाम्यासाठी येणाऱ्या माणसाला पडझड दिसावी लागते. शासकीय मदतीच्या निकषांत घराची अंशतः पडझड किमान १५ टक्के असावी लागते. सगळं झाडून, टिनं परत ठोकून ठेवलं की ती टक्केवारी डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक भिंतीचे, छपराचे, दगावलेल्या जनावराचे फोटो घ्यावेत. माणसाच्या किंवा मोजपट्टीच्या सोबत घेतले तर आकार कळतो.

तिसरं, ताणलेलं लाकूड. पडलेल्या झाडाखाली दबलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते. वरचं ओझं सरलं की ती सुटते आणि कुऱ्हाड मारणाऱ्याच्या तोंडावर येते. त्याहून फसवा तो मुळांचा उभा राहिलेला गड्डा. खोड कापलं की वजन हलकं होतं आणि दोन-चार टन मातीचा तो गड्डा झटकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात पोरं खेळायला उतरतात. आम्ही आधी गड्ड्याला दोन बल्ल्यांचा टेका दिला, खड्ड्याभोवती बाजा उभ्या केल्या आणि मगच खोडाला करवत लावली.

चौथं, जुने सिमेंटचे पत्रे. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते श्वासातून फुप्फुसात गेले की वर्षानुवर्षं तिथंच राहतात. तुकडे कोरडे झाडू नयेत, फोडू तर अजिबात नयेत. पाणी शिंपडून, नाकाला ओला रुमाल बांधून, हातानं उचलून पोत्यात भरावेत.

पाचवं, पडलेल्या ढिगाची सावली. वावधनानंतरच्या दोन-तीन दिवसांत टिनांच्या आणि कवेलूंच्या ढिगात विंचू, नाग, परड आसऱ्याला येतात. ढीग हातानं कधीच उचकू नये. लांब काठीनं एक कड उचलावी, थांबावं, मग उचलावं. आणि टिन उचलताना कड आपल्याकडं न करता पलीकडं करावी, म्हणजे खालचं जे काही असेल ते पलीकडं पळतं.

मुळं काय सांगतात

बोफर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०५ साली वाऱ्याची एक मोजपट्टी केली. पुढं जमिनीवरच्या खुणा तिला जोडल्या गेल्या. छपराची कवेलं उडू लागली की नववा टप्पा. झाडं मुळासकट उपटली की दहावा, म्हणजे ताशी ८९ ते १०२ किलोमीटर. गावात वाऱ्याचं यंत्र नाही. त्यामुळे निंब पडला म्हणजे दहावा टप्पा, असं मी धरून चालले होते.

पण संध्याकाळी धुऱ्यावर गेले, तर तिथले निंब जसेच्या तसे उभे. तेवढेच जुने, उलट उघड्यावर असल्यामुळे वाऱ्याच्या थेट तोंडावर. त्यांच्या बारीक फांद्या गेल्या होत्या, पण खोड हललं नव्हतं. वारा दोघांनाही सारखाच लागला. मग आवारातलाच का पडला?

उत्तर त्या उभ्या गड्ड्यात होतं. झाडाची मुळं खोल पाताळात गेलेली असतात, ही आपली कल्पना चित्रांनी करून दिलेली आहे. खरं तर बहुतेक मुळं वरच्या तीन-चार फुटांतच असतात आणि आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत, पसरतात. झाड सुरईसारखं कमी आणि दिव्याच्या समईसारखं जास्त उभं असतं. खालची बैठक रुंद, म्हणून वरचा दांडा सरळ. आमच्या गड्ड्याची बैठक तीन बाजूंना रुंद होती. चौथ्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला, ती सुरीनं कापल्यासारखी सरळ होती. तिथून काही वर्षांपूर्वी नळाची पाइपलाइन टाकायला चर खोदला होता. मनगटाएवढी मुळं कापली गेली होती आणि त्यांची टोकं काळी पडून भुसभुशीत झाली होती. वारा आला तो नेमका त्याच बाजूनं. तणावा तुटलेल्या मांडवासारखा निंब पूर्वेला गेला.

दुसरी गोष्ट मातीची. पूर्णेच्या खोऱ्यातली आमची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा असतात. उघड्या धुऱ्यावर मुळं या फुगण्या-आक्रसण्याशी लहानपणापासून जुळवून घेतात, दूरवर पसरतात. आवारात आपण तीन बाजूंनी भिंती, ओटे, मोऱ्या बांधतो, आणि वरून अलीकडं पेव्हर ब्लॉक बसवतो. खोडाला चिकटून. त्यामुळे पाऊस आत मुरत नाही, हवा जात नाही आणि खालची माती दगडासारखी होते. मूळ जगण्यासाठी त्याला पाण्याइतकाच श्वासही लागतो.

याचा सगळ्यात नवलाचा पुरावा लंडनजवळच्या क्यू उद्यानातला आहे. १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तिथं मोठं वादळ झालं आणि सुमारे सातशे झाडं पडली. 'टर्नर्स ओक' नावाचा १७९८ सालचा एक जुना ओक मात्र पडला नाही. वाऱ्यानं तो मुळांसकट थोडा उचलला आणि परत होता तिथं बसवला. झाड आधीच रोडावलेलं होतं. पडलेली झाडं आवरण्याच्या गडबडीत त्याला नुसता टेका देऊन ठेवला. तीन वर्षांनी पाहिलं, तर तो तरारलेला. लोकांच्या पायांनी घट्ट झालेली माती त्या एका झटक्यात मोकळी झाली होती. तेव्हापासून क्यूमध्ये जुन्या झाडांखालची माती हवेच्या दाबानं मोकळी करण्याचा प्रघात पडला.

फ्लोरिडात १९९२ च्या 'अँड्र्यू' हरिकेनपासून पुढच्या अनेक वादळांनंतर मेरी ड्युर्या आणि एलियाना काम्फ यांच्यासारख्या संशोधकांनी वस्तीतली झाडं मोजली. निष्कर्ष साधे होते. मुळांना मोकळी जागा असलेली झाडं जास्त टिकली. एकट्या झाडापेक्षा झाडांचा पुंजका जास्त टिकला. नीट छाटलेली झाडं न छाटलेल्यांपेक्षा जास्त टिकली. भारतातही राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात झाडांभोवतालचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. अमरावतीत माझ्या कॉलनीतल्या रस्त्यावर मी परतल्यावर चालत गेले. बुंध्याला गळफासासारखं सिमेंट नसलेलं झाड शोधावं लागलं.

बोफर्टच्या पट्टीवर मी वारा दहाव्या टप्प्याचा धरला होता. तो कदाचित नवव्याचाही नसेल. उरलेला टप्पा आमच्या चरानं भरून काढला.

पारस

हे सगळं मांडत असताना भाऊ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तुयं सगळं खरं. पण पारसचं पायलं नं तुनं? दुसराही पाडून टाकू."

पारस आमच्याच तालुक्यातलं. ९ एप्रिल २०२३, रविवार. बाबुजी महाराज संस्थानात संध्याकाळी भाविक जमले होते. वावधन आणि पाऊस सुरू झाल्यावर माणसं शेजारच्या टिनाच्या शेडमध्ये शिरली. शेडवर जुना निंब कोसळला. सात माणसं गेली, वीसहून अधिक जखमी झाली. त्या रात्री जेसीबी आणि बॅटऱ्यांच्या उजेडात लोक टिनं उचलत होते. पारसची माणसं आमच्या बाजारातली, लग्नकार्यातली. त्यामुळे "पारसचं पायलं नं" या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देता येत नाही.

आमचा दुसरा निंब ओसरीसमोर आहे. त्याच्याखाली टिनाचं छप्पर, आणि छपराखाली आईची खाट. उन्हाळ्यात ती दिवसभर तिथंच असते. वावधनाच्या संध्याकाळीही तिथंच होती.

दोन दिवस आम्ही या एकाच गोष्टीवर बोललो. मी झाड तपासलं. खोडावर लाकडी ठोकळ्यानं ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकलं. बुडाशी अळंबी आहेत का पाहिलं. ती असली तर आतलं लाकूड कुजत असतं. वाऱ्याच्या बाजूला जमीन उचलली गेली आहे का, मुळांच्या रेषेत नवी भेग आहे का, हे पाहिलं. काहीच नव्हतं. चरही त्याच्या बाजूनं गेला नव्हता. फक्त दोन वर्षांपूर्वी बसवलेले पेव्हर ब्लॉक खोडाला टेकले होते. झाडांची पाहणी करणाऱ्या एका मित्रालाही बोलावलं. तो म्हणाला, झाड चांगलं आहे, पण लेखी हमी कुठल्याच झाडाची देता येत नाही.

तेव्हा मला पारसचा अर्थ नीट कळला. तिथं झाड पडलं म्हणून माणसं गेली, हे अर्धं वाक्य आहे. झाड पडलं आणि त्याच्याखाली टिनाची शेड होती, पावसात माणसं शिरतील अशी. धोका एकट्या झाडात नसतो. झाड आणि त्याच्याखाली बसलेलं माणूस, या दोघांच्या मधल्या जागेत असतो. झाड पाडलं की तो संपतो हे खरं. पण ती सावली गेल्यावर मे महिन्यात त्या टिनाखाली आई कशी बसणार होती? उन्हानं जाणारी माणसंही वऱ्हाडात कमी नाहीत.

शेवटी भावानंच तोड काढली. झाड नाही, छप्पर हलवायचं. छप्पर निंबाच्या पडण्याच्या टप्प्याबाहेर, घराच्या उत्तरेला नेलं. निंबाखाली आता नुसता मोकळा पार आहे. बसायला चालेल, पण आभाळ भरून आलं की उठायचं. पेव्हर ब्लॉक खोडापासून दीड मीटरपर्यंत काढले. खालची माती कुदळीनं न खणता सब्बलीनं भोकं पाडून त्यांत शेणखत आणि वाळू भरली. खणलं असतं तर पुन्हा मुळंच तुटली असती.

मोडक्या फांद्या छाटल्या त्या तीन घावांत. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक घाव, मग थोडं पुढं वरून दुसरा, म्हणजे फांदी पडताना साल सोलत खाली येत नाही. उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखी जी गोल कड असते, तिच्या बाहेरून कापायचा. ती कड कापू नये. अ‍ॅलेक्स शिगो या अमेरिकन वनसंशोधकानं हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड त्या जागेला आतून भिंती घालून बंद करतं, आणि त्या भिंतींचं सामान या कडेतच असतं. वरून डांबर फासल्यानं काही साधत नाही. ओल आतच कोंडते. शेंडा मारणं तर सगळ्यात वाईट. त्यातून फुटलेले धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि पुढच्या वावधनात तेच आधी तुटतात.

शहरात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलं आहे. उभं झाड तोडायचं तर परवानगी लागते, मग ते आपल्या आवारातलं का असेना. वादळानंतरच्या घबराटीत सरसकट झाडं तोडून घेण्याची हौस अनेकांना येते. कायदा त्या घबराटीला थोडा वेळ थांबवतो, हे बरंच आहे.

काय कुठं गेलं

आवार साफ व्हायला नऊ दिवस लागले. पाला जाळला नाही. ओला पाला जाळला की धूर पसरतो आणि खत जातं. आईनं त्यातला कोवळा पाला सावलीत वाळवून गव्हाच्या कोठीत घातला. उरलेला उकिरड्यावर आणि उघड्या केलेल्या मातीवर आच्छादन म्हणून गेला. खोडाच्या फळ्या निघाल्या. त्यांतून गोठ्याचं नवं दार होईल. टिनांचे खिळे शोधायला पुतण्यानं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून आवारभर फिरवलं. तीन ओंजळी खिळे निघाले. त्यातला एकेक खिळा बैलाच्या खुरात गेला असता.

गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात आले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन. आणि कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत. वऱ्हाडात खराटा हातात घेतला की त्यांची आठवण येतेच. मला वाटतं, त्यांच्या झाडण्यात आणि प्रश्न विचारण्यात अंतर नव्हतं. ही घाण कशानं झाली, हे विचारल्याशिवाय झाडलेलं गाव दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच होतं. वादळानंतरच्या आवाराचंही तेच आहे. पाइपलाइन खोदणारा माणूस दोषी नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की पाच हात पलीकडून खोद. सांगायला हवं होतं ते आम्ही. त्यातही मी. ज्या वर्षी चर खोदला, त्या वर्षी दिवाळीला मी त्याच निंबाखाली बसले होते आणि मातीचा तो ताजा पट्टा पाहूनही काही बोलले नव्हते.

जुलैमध्ये उरलेल्या निंबाच्या निंबोळ्या पिकल्या. निंबोळीचं बी फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांत त्याचा जीव जातो. म्हणून लगेच गर काढून, धुऊन पिशव्यांत लावल्या. एकोणीस रोपं आली आहेत. ती आवारात लावायची नाहीत, असं ठरलं आहे. धुऱ्यावर लावू, पाइपलाइनपासून लांब, तीन-तीनच्या पुंजक्यांनी. कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवरचा तो नकाशा भावानं गोठ्याच्या भिंतीवर चिकटवला आहे. त्यावर त्यानं निळ्या पेनानं एक रेघ स्वतः ओढली आहे: नळ कुठून गेला, त्याची.